चार बायकांचा ओटा

९ जानेवारी
सकाळी मागच्या ओट्यावर मेथी निवडत होते. हे टेप घेऊन आले नि म्हणाले, "ऊठ जरासं." उठले. मी बसले होते तिथूनच मोजायला सुरुवात केली. तुळशीपर्यंत, मग मोरीपर्यंत, मग थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. कसलं माप, विचारलं. म्हणे निलेशने सुरतेहून सांगितलंय, हा लाकडी ओटा काढायचा आणि मोठा करायचा, डब्ल्यूपीसीचा.
ठरलंसुद्धा! बापलेकाचं, फोनवर. फळी माझ्या बुडाखालची आणि मलाच पत्ता नाही.

१० जानेवारी
राग उतरलेला नाही, म्हणून लिहून काढते.
हा ओटा काही आपोआप उगवला नाही. जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा सासूबाईंनी सागाच्या फळ्या विकू दिल्या नाहीत. सुतार म्हणाला, माल भरपूर आहे, ऐसपैस करतो. सासूबाई म्हणाल्या, "धाकलाच कर भाऊ. मोठा करा ते माणसे यी बठतीन." माणसे म्हणजे पुरुष. चार बायका मांडीला मांडी लावून बसतील एवढाच करून घेतला. पाचवी आली की एकीने पायरीवर सरकायचं. वर कडूलिंब, त्याची सावली नेमकी ओट्याएवढी.
पुढच्या ओट्यावर मी लग्न होऊन आल्यापासून बसले नाही. इथे कुठलीच सून बसत नाही. दारातून चहाचा ट्रे द्यायचा आणि आत वळायचं. मागचा मात्र आमचा. कुणी सांगितलेलं नाही, पण आम्ही बसलेल्या असलो की पुरुष तिकडे फिरकत नाहीत. ह्यांना मोरीवर जायचं असलं तरी आधी खाकरतात.
आता पुढचा ओटा गटारीच्या कामात गेला. एका सकाळी जेसीबीने उचलला. तेव्हापासून हे, ह्यांचा दोस्त भटूभाऊ नि बाकीची मंडळी रस्त्यावर खुर्च्या टाकून धूळ खातात. वाईट मलाही वाटलं होतं. पण त्यांचं गेलं म्हणून माझं घ्यायचं, हा कुठला न्याय?

१४ जानेवारी, संक्रांत
दुपारी आम्ही चौघी ओट्यावर. मी, शेजारची कमलबाई, समोरच्या घरातल्या दोघी सुना. तिळगूळ झाला, मग मी बातमी सांगितली. कमलबाईचा लाडू हातातच राहिला. "आते आपन कोठे बठूत वं?"
संध्याकाळी ह्यांना स्पष्ट विचारलं. ह्यांचं उत्तर, "अवं, मोठा व्हई ऱ्हायना ना! तुम्हीबी बठा, आम्हीबी बठसूत."
तुम्ही बसल्यावर आम्ही कशा बसणार, हे ह्या माणसाला खरोखर कळत नाही. याचाच जास्त राग येतो. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं.

२० जानेवारी
सुरतेहून टेम्पो आला. जिग्नेश म्हणून कारागीर, सोबत दोघं. फळ्या तपकिरी, वर लाकडासारख्या रेघा ओढलेल्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून करतात म्हणे. वाळवी नाही, पॉलिश नाही. "मासी, पचीस साल देखना नहीं पडेगा." मी म्हटलं, मला रोज बघावा लागणार आहे. तो हसला. त्याची काय चूक.
जुना निघता निघत नव्हता. पहार लावली तेव्हा एकेक फळी कुरकुरत सुटली. सासूबाई ज्या कडेला बसायच्या तिथली फळी गुळगुळीत झालेली. कमलबाई भिंतीपलीकडून बघत होती.

२४ जानेवारी
झाला. ओटा कसला, मांडव घालावा एवढा. तुळस कोपऱ्यात सरकवली.
निलेश सुरतेहून आला, नारळ फोडला. सकाळची थंडी, कोवळं ऊन. हे अनवाणी इकडून तिकडे तीन फेऱ्या मारून आले. "गादीवर चाली ऱ्हायनू असं वाटस." मग भटूभाऊही चपला काढून चालले. मग सगळेच. जानेवारीत सगळंच मऊ लागतं, हे बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नि.चा चेहरा बघून गिळलं. हौसेने केलंय पोराने.
मागच्या भिंतीत गेटही पाडलं. का, तर मंडळींना घरातून यायला नको!

२ फेब्रुवारी
मंडळी सकाळी येते, दुपारी जेवायला जाते, ऊन कललं की परत. गावाचं राजकारण, मिरचीचा भाव, कुणाच्या पोराचं कुठे जमलं. भटूभाऊचं बोलणं म्हणजे लाउडस्पीकर. तंबाखूची पिंक तुळशीच्या मुळाशी. सांगितलं तर म्हणाला, "भाभी, खत व्हई जाई."
स्वयंपाकघराची खिडकी मागेच उघडते. आता ती दिवसभर लावून घ्यावी लागते. आत धूर, घाम. बाहेर यांना वारा!
सासूबाई बरोबर होत्या. लहान होता म्हणून आमचा होता.

१३ फेब्रुवारी
ज्योतीचा फोन. माझी लेक, नवापूरला दिलेली. जावयांचा कोंबड्यांचा धंदा, घर मोठं, माणसं भरपूर. फोन नेहमी दोन मिनिटांचा, नेहमी मागे कोणीतरी बोलत असतं. आज कुजबुजली. "माय, आठे नई बोलता येस. आखाजीले येसू, मंग आपला ओट्टावर बठीसन सांगसू."
अक्षय्य तृतीयेला अजून दोन महिने. काय सांगशील गं, मी विचारलं. तिकडून "हो हो, पापड पोचलेत" असं मोठ्याने म्हणाली आणि ठेवला. मी पापड पाठवलेच नव्हते.
लहानपणापासून ही पोरगी घरात काही सांगत नाही. बारावीला गणितात गेली ते त्या ओट्यावर सांगितलं. पहिल्यांदा कपडे खराब झाले तेही तिथेच. आधी नखाने फळी कोरत बसायची, मी गप्प राहायची, मग तिच्या तोंडून निघायचं.
ओटा राहिला नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
ह्यांना म्हटलं, जुन्या फळ्यांचा गोठ्याजवळ तेवढाच ओटा करून द्या. म्हशीचा वास चालेल, माशा चालतील. हे पेपर वाचत होते. "एवढा नवा करेल शे नि परत ती भंगारनी हौस?"
सागाला भंगार म्हणतो हा माणूस. प्लास्टिकला लाकूड म्हणतो.

३ मार्च
फळ्या गेल्या.
परवा बाजारात गेले होते. परत आले तर भिंतीला टेकवलेल्या फळ्या नाहीत. ह्यांनी होळीला दिल्या. गल्लीतल्या पोरांनी मागितल्या आणि ह्यांनी मोठ्या मनाने, "लई जा!" मी तशीच चपला घालून चौकात गेले. रचून झालेली होती. एरंडाच्या फांदीभोवती गोवऱ्या, आणि उभ्या लावलेल्या माझ्या फळ्या. खिळ्यांची भोकं ओळखू येत होती. होळीवर चढवलेलं परत काढत नाहीत. हे मला माहीत, पोरांना माहीत. आणि ह्यांनाही माहीत, म्हणून तर बाजाराचा दिवस साधला असणार. नाही म्हणतात. शपथ घेतात.
काल संध्याकाळी पेटली. सगळ्यांनी नारळ टाकले, बोंब मारली. या वर्षी मीही मारली. पहिल्यांदाच एवढी मनापासून. कमलबाई दचकून बघायला लागली.
सागाची होळी किती छान जळली, म्हणून भटूभाऊ आज कौतुक करत होता. ओट्यावर बसून.

४ मार्च
दोन फळ्या वाचल्या! गोठ्यात ढेपेच्या पोत्यांखाली. मीच जानेवारीत घातल्या होत्या, ओल लागू नये म्हणून, आणि विसरले होते. एक सासूबाईंची गुळगुळीत.
ह्यांना सांगितलं नाही. पोती तशीच वर ठेवली.

२९ मार्च
उन्हाने आपला हिसका दाखवला. दुपारी हे जेवून अनवाणी बाहेर पडले, सावलीच्या बाहेर दोन पावलं टाकली आणि ओरडत परत. तळपाय लाल. खोबरेल मीच लावलं. तोंडावर पदर धरला होता, हसू दिसू नये म्हणून.
लिंबाची सावली जुन्या ओट्याएवढीच आहे. ओटा वाढला, लिंब वाढला नाही. बाकीचा सगळा पत्रा उन्हात. पत्रा नाही म्हणायचं, डब्ल्यूपीसी.
कमलबाई वाटी परत करायला आली, तिलाही चटका. "मन्ही माय! तवा तपेल शे का काय!"

५ एप्रिल
नि.ला फोन केला होता ह्यांनी. तो म्हणे, पाणी मारा, हिरवी जाळी लावा. पाणी मारलं, वाफ आली. गोणपाट अंथरलं, त्याचे तंतू चिकटले.
शेवटी काय, तर सावलीतला तुकडा ह्यांनी धरला. खाट टाकली, दोन खुर्च्या. दुपारभर तिथे लोळतात. भटूभाऊ तर घरी पंखा नसल्यासारखा पडलेला असतो. म्हणजे एवढा मोठा केलेला ओटा, त्यातला वापरायचा तुकडा किती? आमचा होता तेवढाच. आणि तोही आमचा नाही!

९ एप्रिल
आखाजीचा झोका. दरवर्षी लिंबाच्या त्याच फांदीला. गल्लीत माहेरी आलेल्या सगळ्या पोरी आमच्या मागच्या अंगणात येतात. यंदा हे म्हणतात, पोरी पाय घासतील, ओरखडे पडतील. झोका कमलबाईकडे बांधा.
कमलबाईकडे शेवग्याचं झाड आहे. शेवग्याला कोणी झोका बांधतं? पोरगी पडली म्हणजे?
आज मोठ्याने भांडले. मंडळी होती तरी भांडले. दारातूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. भटूभाऊ चप्पल शोधत उठला. हे नंतर म्हणाले, चार लोकांत इज्जत घालवलीस. मी म्हटलं, ज्योती येतेय, तिला कुठे बसवू ते सांगा. हे हात पसरून म्हणाले, "एवढा मोठा शे ना!"
झोका मात्र बांधू देणार आहेत. पोरींनी पाय वर उचलून घ्यायचे, या अटीवर.

१६ एप्रिल
ज्यो. आली. बारीक झाली आहे. गळ्याशी हाडं दिसतात. आल्या आल्या मागच्या दारात गेली आणि उंबऱ्यावरच थांबली. हे कौतुकाने दाखवायला लागले, ही फळी, ही क्लिप, खिळा दिसतच नाही. ती "हो आप्पा, छान आप्पा" करत होती. माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला सहन झालं नाही, मी चहा ठेवायला आत आले.
विचारलं, फोन कुठे तुझा? म्हणे, चार्जिंगला विसरला. नवापूरहून फोनशिवाय कोण निघतं हल्ली?

१९ एप्रिल, आखाजी
पुरणपोळी, आमरस, घागर पुजली, सगळं झालं. गौराईची गाणी झाली. पोरी झोक्यावर, पाय वर उचलून. ज्यो. बसली, दोन झोके घेतले, उतरली.
संध्याकाळी ह्यांनी तिला मंडळींसमोर बोलावलं. "ये ना पोरी, बठ. जावईबापू कसा शेतस? धंदा कसा शे?" ती खांबाला धरून उभी. "समदं चांगलं शे, आप्पा." भटूभाऊ म्हणाला, घर चांगलं मिळालं हिला. सगळ्यांनी माना हलवल्या. झालं! एवढ्या जणांनी विचारलं, एवढ्या जणांनी ऐकलं.
खिडकीच्या फटीतून मला तिच्या पाठीमागे धरलेला हात दिसत होता. नखाने नख कोरत होती.

२२ एप्रिल
माझ्या खोलीत विचारायला गेले. भिंतीपलीकडे हे, दार उघडं. "काही नाही गं माय." शेतात जाऊ म्हटलं, तर हे म्हणाले, एवढ्या उन्हात लेकीला कुठे नेतेस, मीही येतो. कमलबाईकडे गेलो तर तिकडे पाहुणे.
एवढ्या मोठ्या घरात आईलेकीला बसायला टीचभर जागा नाही. मला रडू आलं. रागाने आलं, ते वेगळं असतं.
जावई रविवारी न्यायला येणार, नि.ही सुरतेहून येणार. हे खुश.

२४ एप्रिल
दुपारी ढेपेची पोती ओढली. कंबर धरली, पण ओढली. दोन्ही फळ्या काढून धुतल्या, गोठ्यात विटांवर ठेवल्या. ज्यो.ला म्हटलं, म्हशीला पाणी दाखवायला चल.
तिने गुळगुळीत फळी लगेच ओळखली. "हाई मोठी मायनी ना?" तिच्या आजीची. बसली. हात फिरवत राहिली. मी गप्प. म्हैस रवंथ करत होती. मग नखाने फळी कोरायला लागली आणि म्हणाली, "माय, तू आप्पाले सांगसी नई ना?"
तेवढ्यात दारात हे! "आठे का बठन्यात? इतला मोठा ओटा सोडीसन, श्येनमा?" आणि खरंच हसत होते. तिचा हात फळीवरून उचलला गेला. उठली, पदराला लागलेला कडबा झटकला आणि आत गेली.
मी ह्यांच्याकडे बघितलं. कसं बघितलं कुणास ठाऊक, हे दोन पावलं मागे सरले.

२५ एप्रिल
सकाळी हे नंदुरबारला गेले, जावयांसाठी आंबे आणायला. बस वळणावर गेली तशा आम्ही दोघी गोठ्यात. कमलबाईला म्हटलं, दारात बस आणि कुणाला आत सोडू नको. का म्हणून विचारलं नाही तिने. तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात बसली. भटूभाऊ गेटातून आला, तर ओरडली, "म्हैस माराले धावस! फिर मांगे!" तो फिरला.
ज्यो.ने सांगितलं.
सगळं इथे लिहिणार नाही. तो हात उचलतो. फोन सासूच्या कपाटात असतो. मागच्या दिवाळीला सांगायचं होतं, तेव्हा तोच सोबत येऊन बसला. डाव्या दंडावर, पोलक्याखाली... नाही लिहीत.
"माले परत जानं नई शे, माय." एवढं म्हणाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. फळी दोघींना पुरली.
नंतर मी तिची भरलेली बॅग उघडली. एकेक कपडा माझ्या कपाटात लावला.
हे चार वाजता आले. खोकाभर आंबे. लगेच नळी घेऊन ओटा धुवायला लागले, उद्याची तयारी. खाट बाजूला घेऊन सावलीत खुर्च्या मांडल्या. स्वतःशीच हिशेब. एक जावईबापूंची, एक माझी, एक निलेशची, एक भटूची.
मी आतून आणखी दोन खुर्च्या आणल्या. सासूबाई बसायच्या नेमकी ती जागा बघून तिथे ठेवल्या. मंडळींची एक खुर्ची उन्हात सरकवावी लागली, भटूभाऊची.
हे म्हणाले, "ह्या कोनासाठे?"
मी म्हटलं, "एक मन्ही, एक ज्योतीनी. उद्या जावईसमोर आम्ही बठसूत. तुम्हीच म्हनेत ना, मोठा शे."
हे नळी हातात धरून उभे. पाणी तसंच त्यांच्या पायांवर वाहत राहिलं.